‘नको’चं चित्र

अकरा वर्षं ती वाती वळत होती. सकाळी सव्वादहाला आली की डबा कप्प्यात, चपला रांगेत, आणि खिडकीजवळच्या ठरलेल्या जागी बसून कापसाचं ताट पुढ्यात. कापसाची लांबट पट्टी ओढायची, मांडीवर तळहाताने एकदाच पुढे सरकवायची, की वात तयार. सगळ्या वाती सारख्या, एका मापाच्या. नाशिकच्या पंचवटीतले दोन दुकानदार “त्या ताईंच्याच द्या” म्हणून मागून न्यायचे. आमच्या दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी तिच्यापाशी न्यायचो. “हिला वातींची फार आवड,” असं मी स्वतः कितीतरी जणांना सांगितलंय.

मागच्या वर्षी आषाढातल्या एका मंगळवारी तिने कापसाच्या ताटावर हात ठेवला, मग भिंतीवरच्या चित्रांच्या तक्त्यातल्या ‘नको’वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोट चुकून लागलं असेल. मी ताट तिच्यापुढे सरकवलं. तिने ते परत ढकललं. पुन्हा ‘नको’. तिसऱ्यांदा तिने माझा हात धरला आणि माझंच बोट ‘नको’वर नेऊन टेकवलं.

मग आम्ही तिच्यापुढे कार्यशाळेतल्या आठ कामांचे फोटो मांडले. फायली चिकटवणं, कागदी पिशव्या, पणत्या रंगवणं, मसाल्याच्या पुड्या बांधणं, असे. तिने स्वयंपाकघराचा फोटो उचलला. दुसऱ्या दिवशी फोटोंच्या जागा बदलून ठेवले, तरी तोच. तिसऱ्या दिवशीही तोच. स्वयंपाकघरात आमच्या दोन मावशी दिवसभर मोठमोठ्याने बोलत असतात. तिला तिथे बसून मेथी निवडायची होती. माणसांत बसायचं होतं.

तिला बोलता येत नाही. या अकरा वर्षांत ताट पुढे केल्यावर तिने मान फिरवली की आम्ही म्हणायचो, “आज मूड नाही वाटतं हिचा.” तिच्याकडे ‘नको’ होतंच. आमच्याकडे ते ऐकायची सोय नव्हती.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, कुणाचंच लिहिणार नाही. आमच्याकडे प्रत्येकाच्या कप्प्यावर एक चित्र आहे, ज्याचं त्याने चार चित्रांतून निवडलेलं. त्या चित्रांवरूनच सांगते. तिच्या कप्प्यावर किटली आहे. सात वर्षांपूर्वी निवडलेली. स्वयंपाकघराकडे तिचं लक्ष आहे हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

मी तेवीस वर्षं विशेष शिक्षिका आहे. पहिली चौदा लहान मुलांच्या शाळेत गेली, नंतरची नऊ या प्रौढांच्या कार्यशाळेत, मखमलाबाद रोडच्या बाजूला. शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे काय, याचं उत्तर बहुतेक घरांत ‘घरीच’ असं असतं. ज्यांना जागा मिळते ते आमच्यासारख्या कार्यशाळेत येतात. आमच्याकडे बावीस जण आहेत, सर्वांत लहान एकोणीसचा, सर्वांत मोठे त्रेपन्नचे. त्या त्रेपन्नच्या गृहस्थांनाही सगळे ‘मुलं’मध्येच धरतात. “मुलं जेवली का?” मी प्रयत्नपूर्वक ती सवय मोडली. मी मंडळी म्हणते. दादा, ताई, मावशी म्हणते. एकदा ‘मुलं’ म्हटलं की तक्त्यावर आपोआप टेडी आणि फुगे येतात आणि पगार, दाढी, पाळी, लग्न, कंटाळा हे शब्द गळून जातात.

चित्रांकडे मी वळले ती करोनानंतर. कार्यशाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे मास्क लावून. आमच्या मंडळींतले निम्मे जण शब्दांपेक्षा चेहरा वाचतात हे मला त्या दिवशी कळलं, कारण चेहरा झाकल्यावर त्यांना आमचं काही समजेना. एक दादा तर रडायलाच लागले. त्या रात्री मी इंटरनेटवर चित्रं शोधत बसले. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने ‘आरासाक’ नावाचा चित्रांचा मोठा साठा सर्वांसाठी मोफत ठेवलाय. सेर्खिओ पालाओ या चित्रकाराने काढलेली हजारो चित्रं, धंद्यासाठी वापरायची नाहीत, त्यांचं नाव द्यायचं आणि बदल करून वाटली तर त्याच अटींवर वाटायची, एवढ्याच अटी. मी साठ चित्रं उतरवली, शालिमारला रंगीत छापली, लॅमिनेट केली, मागे व्हेलक्रोचे तुकडे लावले आणि सोमवारी उत्साहात घेऊन गेले.

आणि सहा महिने मी ते सगळं चुकीच्या पद्धतीने केलं.

मी परीक्षा घेत होते. “चहा कुठाय दाखव बरं? शाब्बास! आता पाणी? नाही नाही, नीट बघ.” पहिले दोन दिवस मंडळींनी दाखवलं. मग कार्ड दिसलं की पतंगदादा टेबलावर डोकं टेकवून डोळे मिटायचे. छत्रीदादांनी एक दिवस सगळी कार्डं गोळा करून खिडकीबाहेर टाकली. मी वहीत ‘सहकार्य नाही’ असं लिहून ठेवलंय. ती वही अजून आहे माझ्याकडे.

मुंबईच्या एका प्रशिक्षणात एका ज्येष्ठ वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, “तुम्ही स्वतः या चित्रांवर बोट ठेवून दिवसातून किती वेळा बोलता?” मी म्हणाले, “मी कशाला? मला बोलता येतं.” त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. गाडीत कसाऱ्यापर्यंत येताना मला ते लख्ख कळलं. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर नुसतं बोलतो, त्याने एकही शब्द उच्चारायच्या आधी. कुणी पाळण्याशी जाऊन “आई म्हण, नाहीतर दूध नाही” असं म्हणत नाही. या माणसांना चित्रांची भाषा कधी कुणी बोलून दाखवलेलीच नव्हती आणि मी तिच्यात त्यांची तोंडी परीक्षा घेत होते.

तेव्हापासून नियम केला की तक्ता आधी आमचा. मी “चला, आता चहा पिऊ” म्हणताना ‘जा’ आणि ‘चहा’वर बोट ठेवते. मला भाजी तिखट लागली तर ‘आवडलं’ आणि ‘नाही’वर बोट ठेवते, त्यांच्या देखत. त्यांनी बोट ठेवावं अशी अपेक्षा नाही, विचारणा नाही. एखादं वाक्य झालं की तक्ता त्यांच्याकडे करून गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. मी मनात पंधरापर्यंत आकडे मोजते. आपल्याला तीन आकड्यांतच वाटतं की काही येणार नाही, आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. पतंगदादांचं पहिलं उत्तर तेराव्या आकड्याला आलं.

सहा आठवडे काहीच नव्हतं. सहकाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली होती. सातव्या आठवड्यात छत्रीदादा चहाचा रिकामा पेला घेऊन तक्त्यापाशी गेले आणि ‘अजून’वर बोट ठेवलं. एकेचाळीस वर्षांचा माणूस. आजवर चहा हवा असेल तर ते दुसऱ्याचा पेला हिसकावत, आणि त्याबद्दल त्यांचं नाव वहीत लाल शाईने यायचं.

आता तक्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला फोन येतात ते बहुतेक याचसाठी.

पहिल्यांदा मी इंग्रजी तक्त्याची नक्कल केली होती. डावीकडे माणसं, मध्ये क्रियापदं, उजवीकडे वस्तू. ‘मी’ या चित्रावर बोट, मग ‘पाहिजे’, मग ‘चहा’. वाचून पाहा: मी पाहिजे चहा. असं मराठीत कुणी बोलत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. त्याहून मोठी अडचण ‘मी’ची. मराठीत हवंसं वाटणं, आवडणं, भूक, थंडी, राग, आठवण हे सगळं ‘मला’ होतं, ‘मी’ नाही. दुखतं ते ‘माझं’. आता तीन चित्रं करायची का? केली होती, गोंधळ झाला. शेवटी एकच चित्र ठेवलं, छातीवर हात ठेवलेला माणूस, आणि खाली तिन्ही रूपं छापली: मी, मला, माझं. त्यांनी ते चित्र दाखवलं की आम्ही बरोबर रूपात वाक्य मोठ्याने म्हणतो, “मला चहा पाहिजे.” त्यांनी चित्र द्यायचं, व्याकरण आम्ही भरायचं. आणि रांगा बदलल्या. माणसं डावीकडे, वस्तू मध्ये, क्रियापदं उजव्या कडेला. बोट डावीकडून उजवीकडे सरकलं की आपलं वाक्य होतं.

मग ‘नो’. इंग्रजी तक्त्यावर एका फुलीत काम भागतं. आपल्याकडे ‘नको’ वेगळं, ‘नाही’ वेगळं आणि ‘असं नव्हे’ आणखी वेगळं. “बस आली का?” “नाही.” “डबा संपवतोस का?” “नको.” “तुझं पोट दुखतंय का?” “पोट नव्हे.” शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आपली समजूत दुरुस्त करतो. आम्ही ‘नको’साठी ढकलणारा तळवा घेतला, ‘नाही’साठी पालथं घातलेलं पातेलं, आणि ‘तसं नव्हे’साठी फुली.

चित्रं परदेशी असली की काय होतं तेही सांगते. आंघोळीला टब, संडासला कमोड, जेवणाला काटा-सुरी, घराला धुराडं. सायकल मावशी काटा-सुरीच्या चित्राकडे वर्षभर नुसत्या पाहत राहिल्या. मी ताटात भाकरी, कालवण आणि कांदा असा फोटो काढून लावला, त्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांनी बोट ठेवलं. बादली-तांब्या मीच काढलाय. खेड्यातून येणाऱ्या दोघांसाठी संडासाचं दार काढलं, निळं, त्यांच्या वापरातलं.

कामाची आणखी एक गोष्ट. चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून परततो आणि बसलेल्या माणसाला फक्त पांढरा पट्टा दिसतो. मला हे मी खुर्चीवरून उठून त्यांच्या खुर्चीवर बसले तेव्हा दिसलं. मॅट फिल्म थोडी महाग पडते, पण तीच घ्या. मोबाइलवरही करता येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीत बोलतं आणि मोफत आहे. आमचे तिघे ते वापरतात. पण कागदाचा तक्ता भिंतीवर हवाच. चार्जिंग संपलं म्हणून माणूस मुका होता कामा नये.

“हे सगळं लहान मुलांचं आहे हो, आता या वयात काय शिकणार,” असं मला पालकांनी, संचालकांनी आणि एका डॉक्टरांनीही सांगितलंय. म्हणून थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये मार्गारेट वॉकर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मॅकेटॉन’ या संवादपद्धतीची सुरुवात केली ती सरे परगण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात राहणाऱ्या प्रौढ माणसांसोबत, ज्यांना ऐकूही येत नव्हतं आणि बौद्धिक अक्षमताही होती. आधी हातांच्या खुणा होत्या, चिन्हं मागाहून आली. म्हणजे जी पद्धत आज लोक बालवाडीची समजतात, ती आधी आमच्या मंडळींसारख्यांचीच होती. त्याहून जुनी गोष्ट चार्ल्स ब्लिस यांची. १८९७मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या चेर्नोवित्समध्ये जन्मलेला हा माणूस नाझींच्या छळछावण्यांतून सुटला, शांघायला राहिला, तिथली चिनी अक्षरं पाहून त्याला वाटलं की जगातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी चित्रलिपी करावी. १९४९मध्ये त्याने ती पुस्तकरूपात मांडली. राष्ट्रांनी काही ती घेतली नाही. १९७१मध्ये टोरोंटोत शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांच्या हाती दिली, आणि तिथे ती जगली.

दुसरी भीती अशी की चित्रं दिली तर आहे ते बोलणंही बंद पडेल. नाही पडत. अभ्यास तेच सांगतात आणि माझा अनुभवही तोच आहे. छत्रीदादा आता ‘पुरे’वर बोट ठेवताना “पुये” म्हणतात. तक्त्याआधी त्यांच्या तोंडून एकही शब्द मी ऐकला नव्हता.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. आपल्याकडे चित्रं दिली जातात ती बहुतेक वेळा मागण्यापुरती. पाणी, जेवण, संडास, चहा. चार चित्रं भिंतीवर लावली की संवाद झाला. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५मध्ये अमेरिकेत चित्र देऊन वस्तू घेण्याची जी पद्धत बांधली, तिचे सहा टप्पे आहेत. सुरुवात मागण्याने होते, आणि ‘मला अमुक दिसतंय’ असं आपणहून सांगणं सहाव्या टप्प्यात येतं. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर वर्षानुवर्षं बसवलेली असतात. मागता आलं म्हणजे सांभाळणाऱ्याचं काम सोपं होतं, पुढचं शिकवायची घाई कुणालाच नसते. माझ्या मते क्रम उलटा करायला हवा. पहिल्या आठवड्यापासून तक्त्यावर ‘नको’ हवं, ‘दुखतंय’ हवं, ‘तसं नव्हे’ हवं.

आमच्या मंडळींना लहानपणापासून ‘हो’ शिकवलेलं असतं. गुणी बाळ हो म्हणतं. “चहा पाहिजे?” हो. “चहा नको?” हो. सायकल मावशींना काहीही विचारा, मान खाली-वर. त्यांच्या त्या ‘हो’वर आम्ही किती निर्णय घेतले असतील! आता आम्ही हो-नाहीचे प्रश्नच विचारत नाही. दोन-तीन चित्रं ठेवतो, जागा बदलून पुन्हा ठेवतो, उत्तर तेच आलं तरच धरतो.

‘नको’ भिंतीवर लागलं तेव्हा सहकाऱ्यांची बैठक बोलवावी लागली. “उद्या सगळेच नको म्हणायला लागले तर काम कोण करणार?” प्रश्न खोटा नव्हता. पहिले पंधरा दिवस तसंच झालं. बावीसपैकी नऊ जण दिवसभर ‘नको’ दाखवत होते, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते चालत होतं. मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ची प्रत नेली होती. त्यातल्या ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेसोबत पूरक आणि पर्यायी पद्धतींचंही नाव आहे. हे लाड नाहीत, कायद्याने मान्य केलेली भाषा आहे, एवढं मला त्यांना दाखवायचं होतं. आणि भाषेत नकार नसेल तर ती भाषा कसली? महिनाभरात ‘नको’ आपोआप कमी झालं. पाळलं जातं याची खात्री पटल्यावर ते जपून वापरलं जाऊ लागलं.

‘दुखतंय’चं थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहिताना मला अजून त्रास होतो. सायकल मावशी गालावर थपडा मारून घ्यायच्या. दोन वर्षं. वर्तनसमस्या म्हणून त्यांना गुंगीचं औषध चालू होतं. आम्ही शरीराचं पूर्ण चित्र बनवलं आणि रोज सकाळी स्वतःवर वापरू लागलो, “माझं डोकं दुखतंय,” “माझा पाय दुखतोय.” अडीच महिन्यांनी त्यांनी चित्राच्या जबड्यावर बोट ठेवलं, आणि मग तोंडात घातलं. किडलेली दाढ, खाली पू. दाढ निघाली, थपडा थांबल्या.

त्याच शरीराच्या चित्रावर सगळे अवयव आहेत, कपड्यांआडचेही. यावरून वाद झाला. शब्द कोणते वापरायचे हाही प्रश्नच, कारण मराठीत या जागांसाठी एकतर शिव्या आहेत किंवा संस्कृत. आम्ही ‘शूची जागा’, ‘शीची जागा’, ‘छाती’ असं साधं ठेवलं. सोबत ‘हात लावला’, ‘मला सांगायचंय’ ही चित्रं. एका वडिलांनी मला बजावलं, “नसतं डोक्यात भरवू नका तिच्या.” मी त्यांना म्हटलं, “काका, तिला आंघोळ घालायला, कपडे बदलायला दुसऱ्यांचे हात लागतात, आणि आयुष्यभर लागणार. चुकीचा हात लागला तर तिने कुठल्या शब्दात सांगायचं?” ते बराच वेळ बसून राहिले. चित्र राहिलं.

आता एक आनंदाची गोष्ट. पतंगदादा जुन्या पंचवटीत राहतात, गंगेपासून दोन गल्ल्या वर. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं, “मारुतीला कुठवर लागलं?” रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. किती क्युसेक सोडलं ते वर्तमानपत्रात येतं, पण माणसाला कळतं मारुतीवरून. अख्खं शहर पिढ्यान् पिढ्या चिन्हाने बोलत आलंय, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पतंगदादांच्या वहीत ओळखीच्या ठिकाणांचे फोटो आहेत, त्यात हा मारुतीही. श्रावणातल्या एका सोमवारी ते सिटीलिंकच्या बसमधून उतरले ते धावतच आले. भिजलेले. पिशवीतून वही काढली, मारुतीच्या फोटोवर बोट ठेवलं, मग ‘पाणी’वर, आणि मग स्वतःच्या कमरेवर थाप मारली. दोनदा. मी म्हणाले, “मारुतीच्या कमरेला पाणी लागलं?” ते इतके जोरात हसले की स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आल्या. मग त्यांनी मावशींना सांगितलं. मग छत्रीदादांना. मग बावीसच्या बावीस जणांना, प्रत्येकापुढे वही उघडून, मारुती, पाणी, कंबर. दुपारी बातमी मोबाइलवर आली, कमरेपर्यंतच होतं.

त्यांना काही पाहिजे नव्हतं. चहा नको होता, संडासला जायचं नव्हतं. त्यांच्याजवळ बातमी होती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आमच्यापैकी कुणालाही माहीत नसलेली गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली.

त्यांच्या आईंसोबत मी चार शनिवार बसले होते. वय अडुसष्ट. “मला कळतं की बाई सगळं त्याचं, त्याला कशाला चित्रं?” असं म्हणायच्या. मग आम्ही शंभर पानी वही घेतली आणि त्यांना कळतं ते सगळं लिहायला बसलो. उजवा कान ओढला म्हणजे आवाज सहन होत नाही. शर्टाचं वरचं बटण उघडलं म्हणजे भूक. दाराची कडी वाजवली म्हणजे भावाची आठवण. एक्क्याहत्तर खुणा निघाल्या. शेवटच्या शनिवारी वही पूर्ण चाळून त्या म्हणाल्या, “याची झेरॉक्स काढून ठेवा. एक माझ्या धाकट्या सुनेकडे द्या.” का ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

छत्रीदादांचे वडील मार्गशीर्षात वारले. घरच्यांनी त्यांना त्या तीन-चार दिवसांत शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. “त्याला काय कळतंय.” परत कार्यशाळेत आले तेव्हा ते तक्त्यावर दिवसातून वीस-पंचवीस वेळा ‘बाबा’वर बोट ठेवत होते. त्यांचे वडीलच त्यांना संध्याकाळी न्यायला यायचे. आम्हीही तीच चूक केली जी मराठी बोलणारं कुणीही करेल. मी हळू आवाजात म्हणाले, “दादा, बाबा गेले,” आणि सवयीने ‘जा’च्या चित्रावर बोट ठेवलं.

पाच वाजता ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. बाबा गेलेत म्हणजे येतील. ‘जा’च्या चित्राचा अर्थ मीच त्यांना तीन वर्षं शिकवला होता. संडासला जा आणि ये. दुकानात जा आणि ये. आठ दिवस ते रोज फाटकाशी उभे राहत, अंधार पडेपर्यंत, आणि त्यांचे मोठे भाऊ त्यांना ओढून नेत.

मी परदेशी साठ्यात मृत्यूची चित्रं शोधली. क्रूस रोवलेली कबर, शवपेटी. काही उपयोगाची नव्हती. मग भावांना विचारून त्यांच्या घरचा फोटो मागवला, भिंतीवरचा, वडिलांचा, चंदनाचा हार घातलेला. त्यांच्या घरात आजोबांचाही तसाच फोटो आहे, आजींचाही. हार घातलेली माणसं परत येत नाहीत हे छत्रीदादांनी चाळीस वर्षं पाहिलेलं होतं. मी तो फोटो छापला, मॅट फिल्म लावली आणि ‘बाबा’च्या शेजारी चिकटवला. त्यांच्यासमोर आधी ‘बाबा’वर बोट ठेवलं, मग हारावर. “बाबा वारले, दादा. आता येणार नाहीत.” पालथ्या पातेल्याचं ‘नाही’ दाखवलं. आणि गप्प बसले.

मी पंधरा मोजले, तीस मोजले, मग मोजणं सोडून दिलं. ते फोटोवरच्या हारावरून अंगठा फिरवत होते, एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने खाली. त्या दिवशी ते फाटकाशी गेले नाहीत.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघंच बसची वाट बघत होतो. ते उठले, तक्त्यापाशी गेले, हाराच्या फोटोवर बोट ठेवलं आणि नंतर ‘नको’वर. तळवा ढकलणारं ते चित्र. पुन्हा हार, पुन्हा नको. तीन वेळा. मग माझ्याकडे पाहिलं.

मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच दोन चित्रांवर, त्याच क्रमाने, बोट ठेवलं. “बाबा वारले. नको होतं, दादा.” त्यांनी मान हलवली. त्यांची बस यायला अजून वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसून राहिलो.